निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी न्यायमूर्तींनी विचारायचे कोणाला?

माननीय केंद्रीय विधी व न्यायमंत्री यांस,

सविनय नमस्कार.

सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 1997 रोजी फुल कोर्ट म्हणजे सर्व न्यायमूर्तींच्या बैठकीत न्यायमूर्तींसाठी वर्तनाची 16 कलमे ठरवली. क्लब किंवा संस्थेची निवडणूक लढवू नये. राजकीय विषयावर, किंवा कोर्टापुढे येऊ शकेल अशा प्रश्नावर जाहीर मत देऊ नये. व्यापार करू नये. कायद्याचा ग्रंथ लिहायला मात्र हरकत नाही. चौदावे कलम आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते: कोणत्याही कारणासाठी निधी गोळा करण्यात सक्रिय भाग घेऊ नये. काम कितीही सत्कार्याचे असले तरी नाही. न्यायमूर्तींचे नाव पाहून देणगी देणाऱ्याला नकार देण्याची मोकळीक राहत नाही, म्हणून.

अडचण येते ती साध्या निमंत्रणातून. शिक्षण संस्थेचा अमृतमहोत्सव, पत्रिकेवर वर प्रमुख पाहुणे म्हणून न्यायमूर्तींचे नाव आणि तळाला देणगीदारांची यादी. त्या यादीतल्या बिल्डरचे अपील पुढे त्यांच्याच बोर्डावर लागते. विरुद्ध बाजूचा वकील ती पत्रिका अर्जाला जोडतो, न्यायमूर्ती ‘नॉट बिफोर मी’ म्हणून प्रकरणातून बाजूला होतात आणि पक्षकाराला पुन्हा तारखेची वाट पाहावी लागते. जायला हरकत नव्हती. आधी पूर्ण पत्रिका मागवून देणगीदार, विश्वस्त आणि संस्थेचे चालू दावे पाहायला हवे होते.

जिल्हा व तालुका न्यायाधीशांवर राज्यघटनेच्या अनुच्छेद 235 प्रमाणे हायकोर्टाचे नियंत्रण असते, त्यांना विचारायला जागा आहे. हायकोर्टाच्या न्यायमूर्तींनी कोणाला विचारायचे? 1999 ची अंतर्गत चौकशीची पद्धत तक्रार आल्यानंतरची. त्यापुढे थेट महाभियोग, त्यासाठी लोकसभेच्या 100 किंवा राज्यसभेच्या 50 सदस्यांच्या सह्या. डिसेंबर 2024 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाच्या आवारात विश्व हिंदू परिषदेच्या कार्यक्रमात एका न्यायमूर्तींचे भाषण झाले आणि पाच दिवसांत राज्यसभेत त्यांच्याविरुद्ध महाभियोगाची 55 सह्यांची नोटीस पोहोचली. कार्यक्रमाला जाण्याआधी सल्ला घेण्याची ठरलेली वाट कुठेच नव्हती.

अमेरिकेत संघीय न्यायाधीशांना आचारसंहितेच्या समितीकडून आधी गोपनीय सल्ला मागता येतो. ही समिती न्यायाधीशांचीच आहे, सरकारची नाही, हे आपल्या खात्याने विशेष लक्षात घ्यावे. आपल्याकडे न्यायिक मानके व उत्तरदायित्व विधेयक मार्च 2012 मध्ये लोकसभेत मंजूर झाले आणि 2014 मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर बारगळले. न्यायमूर्तींनी कोर्टात काय बोलू नये, याचेही कलम त्यात घातले होते आणि त्यावर रास्त आक्षेप आले. ते कलम पुन्हा आणू नका.

आमची मागणी मर्यादित आहे. प्रत्येक हायकोर्टात तीन न्यायमूर्तींची सल्ला समिती असावी, नेमणूक सरन्यायाधीशांकडे राहावी. प्रश्न लेखी यावा, उत्तर सात दिवसांत जावे, आणि नावे गाळून ती उत्तरे हायकोर्टाच्या संकेतस्थळावर यावीत. समितीला कर्मचारी आणि निधी देणे एवढेच सरकारचे काम. तसे पत्र आपण सरन्यायाधीशांना पाठवावे, ही विनंती.

आपले,
कायद्याचे काही अभ्यासक