पुराआधी आपली माणसे तयार करा

महोदय,

२३ जुलै २०२१ रोजी म्हादई नदीचे पाणी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या घरांत शिरले, तेव्हा मी निवृत्त परिचारिका म्हणून एका शाळेतल्या निवाऱ्यात मदतीला गेले होते. ओल्या चादरीत बसलेल्या एका आजीची इन्शुलिनची कुपी पुरात गेली होती. मात्रा किती, कुणालाच ठाऊक नव्हते. शेवटी शेजारच्या अंगणवाडी सेविकेने ओळखीच्या औषधविक्रेत्याला फोन लावला. त्याच्या वहीत आजीची चिठ्ठी नोंदलेली होती!

बाहेरची पथके माणसांना पाण्यातून काढतात, त्यांचे उपकारच आहेत. पण ती दोन दिवसांनी परततात, आणि आजार त्यानंतर डोके वर काढतात. पुराच्या दूषित पाण्यातून, चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची लक्षणे दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. चिखल उपसणाऱ्याला ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, तर लगेच आरोग्य केंद्रात पाठवायचे, हे गावातच कुणाला तरी कळायला हवे. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाच्या वेळीही गावातल्या ओळखीच्या माणसाने सांगितले की लोक ऐकतात, हे मी पाहिले आहे.

म्हणून दरवर्षी मे महिन्यात परिचारिका, अंगणवाडी सेविका, औषधविक्रेते आणि पंचायत सचिवांना दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे, तेही कोकणी-मराठीतून. नुसती भाषणे नकोत. शाळेत खरा निवारा मांडून सराव घ्यावा: पाण्यात क्लोरीन किती घालायचे, गरोदर बाईला आधी कुठे हलवायचे, रोजच्या गोळ्यांची यादी कशी करायची. वाळपईत असे प्रशिक्षण ठेवल्यास शिकवायला मी विनामोबदला येईन.

— एक निवृत्त परिचारिका, वाळपई