रविवारची बैठक: मेंदूला इजा झालेल्या मुलांच्या मनाबद्दल

पालकहो, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १०.३० वाजता कर्वे रस्त्यावरच्या नेहमीच्या जागी भेटू. पार्किंगचा भरवसा नाही. मेट्रोने गरवारे कॉलेजला उतरलात तर बरं.

टाके निघाले, स्कॅन बरा आला, की नातेवाईक म्हणतात, 'आता ठणठणीत!' पण चिडचिड, रडू, दोन ओळी वाचून दमणं हे महिनोन्‌महिने राहू शकतं. तो हट्ट नसतो. राग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो, त्यामुळे लहानपणीच्या इजेचे काही परिणाम वरच्या इयत्तेत, अभ्यास वाढल्यावरच दिसतात. म्हणून समुपदेशन 'नंतर बघू'वर टाकू नका.

येताना आठवड्याची साधी नोंद आणा: झोप किती झाली, भडका कधी उडाला, त्याआधी काय घडलं. भावंडांनाही आणा. त्यांच्याकडे बघायला आपल्याला वेळच होत नाही, खरं सांगायचं तर.

मधेच फार जड गेलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक चोवीस तास, मोफत चालू असतो. मराठीत बोलता येतं. मुलाला झटका (फिट) आला, सारख्या उलट्या किंवा गुंगी वाढली तर मात्र थेट रुग्णालय गाठा.

चहा आहे. मुलांचा खाऊ आपापला.