नवा बुश, आखडलेली गाडी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा ओसरला की आपल्याकडच्या गॅरेजांत सस्पेन्शनच्या कामांची रांग लागते. खड्ड्यांनी खिळखिळे झालेले लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) आणि स्टॅबिलायझर बारचे (वळणावर गाडीचे कलणे रोखणाऱ्या आडव्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यांतले रबरी तुकडे, बदलले जातात आणि खडखडाट थांबतो. पण त्याबरोबर अनेकदा नवी तक्रार सुरू होते. गाडी कडक झाली, पुलावरचा लहानसा सांधाही पाठीला जाणवतो, पुढची बाजू उगाच उंच दिसते. त्यावर ठरलेले उत्तर मिळते : ‘नवीन माल आहे, थोडी चालवा, बसेल.’ मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरीची वर्षे काढलेला माणूस म्हणून मला हे उत्तर बहुतेक वेळा दिशाभूल करणारे वाटते.

बहुतेक प्रवासी मोटारींतल्या लोअर आर्मच्या रबरी बुशात बाहेर एक पोलादी नळी, आत दुसरी बारीक नळी आणि दोहोंच्या मध्ये व्हल्कनायझेशनच्या (उष्णतेने रबर पक्के करण्याच्या) वेळीच धातूला चिकटवलेले रबर असते. यात काहीही घसरत किंवा गरगर फिरत नाही. बोल्ट आवळला की आतली नळी सबफ्रेमशी, म्हणजे गाडीखालच्या पोलादी चौकटीशी, पक्की होते, आणि आर्म वर-खाली झाला की मधले रबर तेवढ्यापुरते पिळले जाऊन पुन्हा सुटते. त्यामुळे रबराची बिनताणाची स्थिती कोणती, हे बोल्ट शेवटचा आवळताना आर्म कोणत्या कोनात होता यावरच ठरते. गाडी लिफ्टवर असताना चाके लोंबत असतात. आर्म ३३ सेंमी लांब असेल आणि उभ्या गाडीच्या मानाने चाक ९ सेंमी खाली लोंबत असेल, तर आर्मच्या कोनात सुमारे १६ अंशांचा फरक पडतो. त्याच अवस्थेत बोल्ट करकचून आवळला आणि मग गाडी खाली उतरवली, तर हा १६ अंशांचा पीळ गाडी नुसती उभी असतानाही रबरात कायम राहतो आणि खड्ड्यात चाक वर आले की त्यात भर पडते. पिळलेले रबर स्प्रिंगच्या जोडीने गाडीला वर रेटते. उंची वाढते ती यामुळे. काही महिन्यांनी हे रबर धातूपासून सुटते किंवा फाटते, गाडी पुन्हा मऊ वाटू लागते आणि ती ‘बसली’ असे समजून सगळेच निश्चिंत होतात.

वास्तविक उपाय बिनखर्चाचा आहे. बोल्ट आधी हलके बसवावेत, गाडी चाकांवर उतरवून थोडी पुढे-मागे ढकलावी आणि मगच पिटमध्ये किंवा रॅम्पवर टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) ठरल्या मापापर्यंत आवळावेत. पिट नसेल, तर आर्मच्या चाकाकडच्या टोकाखाली जॅक लावून गाडीचे वजन आर्मवर येईपर्यंत उचलले तरी चालते. गाडी उत्पादकांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत अशी सूचना असते. बाजारातल्या बुशाच्या पाकिटावर मात्र ती सहसा दिसत नाही.

दुसरा प्रश्न पॉलीयुरेथेन या रबरापेक्षा कडक प्लास्टिकच्या बुशांचा आहे. ‘आयुष्यभर टिकणारे’ म्हणून ते विकले जातात. रबरी बुशाची कठिणता शोअर ए मापावर (आकडा मोठा तितका पदार्थ कडक) साधारण ५० ते ७० असते, तर पॉलीयुरेथेनच्या बुशाची बहुधा ८० ते ९५. शिवाय बहुतेक पॉली बुशांत पदार्थ नळीला चिकटवलेला नसतो, नळी त्यात फिरणे अपेक्षित असते. तिथे सिलिकॉन ग्रीस हवे. ते संपले किंवा धूळ-चिखल आत गेला, की बुश आधी कुरकुरतो आणि नंतर अडकू लागतो. आतली नळी बुशापेक्षा किंचित लांब असावी लागते. ती आखूड निघाली, तर बोल्ट आवळताच पॉलीयुरेथेन दोन्ही बाजूंनी चेपले जाते आणि आर्म जवळजवळ जाम होतो. जिम्नीसारख्या अखंड अ‍ॅक्सलच्या (दोन्ही बाजूंची चाके एकाच ताठ आसाला जोडलेल्या) गाडीत अडचण आणखी वाढते, कारण एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की आर्मच्या टोकांना नुसते फिरावे लागत नाही, आडवे कलावेही लागते. मऊ रबर ही सूट देते. कडक पॉली ती नाकारते, आणि अख्खा अ‍ॅक्सल जाड स्टॅबिलायझर बारसारखा वागू लागतो. शर्यतीच्या गाडीत कडकपणा मुद्दाम हवा असतो, हे मान्य. पण आपल्या गतिरोधकांवरून रोज कार्यालयात जाणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे का मोजावेत?

काही मूळ रबरी बुशांत मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात. त्यामुळे बुश एका दिशेने मऊ आणि दुसऱ्या दिशेने कडक राहतो. पर्यायी बुश भरीव असेल किंवा प्रेसवर तिरका बसवला गेला असेल, तर हा हिशोबच कोलमडतो. कुरकुरणाऱ्या रबरी बुशाला इंजिन ऑइल चोपडण्याची सवय तर सुटायलाच हवी, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि कुजते.

बाजारातला प्रत्येक पर्यायी बुश वाईट असतो, असे मुळीच नाही. गाडी उत्पादकांना माल पुरवणाऱ्या काही कंपन्यांचेच बुश खुल्या बाजारातही मिळतात. ग्राहकाला ते ओळखता येत नाहीत, ही खरी अडचण आहे. २०११ च्या वैधमापन नियमांमुळे पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि किंमत छापावी लागते. त्याच पाकिटावर पदार्थ, शोअर कठिणता, बसवण्याच्या दिशेची खूण आणि ‘अंतिम आवळणी गाडी चाकांवर उभी असताना’ एवढी एक ओळ मराठीत छापणे उत्पादकांना जड जाऊ नये. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमात ही आवळणी प्रात्यक्षिकात करून घ्यावी. गाडीमालकांनीही बुशाच्या कामानंतर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने दोनदा मोजावे, एकदा बॉनेट दाबून हळूच सोडल्यावर आणि एकदा वर उचलून हळूच सोडल्यावर. दोन मापांत ठळक फरक आला, तर व्हील अलाइनमेंटचे पैसे देण्यापूर्वी बोल्ट सैल करून गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळून घेण्याचा आग्रह धरावा.

आपला,
एक निवृत्त यंत्र अभियंता, चिंचवड