खू कोंगसीच्या उजव्या दालनाविषयी

जॉर्ज टाउन, पिनांग, मलेशिया

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

कुलवृत्तांताची प्रुफं मिळाली. पहिली शाखा वाचून झाली, बाकीचं या आठवड्यात पुरं करतो. पण त्याआधी इथल्या एका वास्तूविषयी तुला लिहायलाच हवं. तिथे उभा होतो तेव्हा सारखं तुझंच काम डोळ्यांपुढे येत होतं.

कॅनन स्ट्रीटवरून एका अरुंद बोळात शिरलं की अवचित दगडी फरसबंदीचं मोठं अंगण लागतं. एका अंगाला नाटकाचा मंच, त्याच्यासमोर उंच जोत्यावर लिओंग सान तोंग, म्हणजे खू कुळाचं देऊळ आणि पूर्वजघर. मंच देवळाकडे तोंड करून आहे, कारण नाटक आधी देवांसाठी, मग माणसांसाठी. भोवती कुळातल्याच लोकांसाठी बांधलेल्या घरांच्या रांगा. रस्त्यावरून आतलं काही दिसत नाही. १८६७ साली इथल्या चिनी गुप्त संघटनांमध्ये भर शहरात लढाई जुंपली होती, त्या काळी अशी आडोशाची जागा फार मोलाची वाटली असणार.

हे खू लोक मूळचे चीनच्या फुजिअन प्रांतातल्या सिन कांग गावचे. दर्या ओलांडून व्यापाराला आले आणि १८३५ साली त्यांनी इथे कुळाची संस्था उभी केली. तिलाच कोंगसी म्हणतात. बोटीतून नवा उतरलेला भाऊबंद आला की त्याला आसरा द्यायचा, काम मिळवून द्यायचं, तंट्यात त्याच्या पाठीशी राहायचं आणि तो इथेच वारला तर त्याला नीट मूठमाती द्यायची, हे सगळं कोंगसीचं काम. पुढे पैसा आला तसं देऊळ वाढत गेलं. विसाव्या शतकाच्या तोंडावर बांधलेली अतिभव्य वास्तू आगीत गेली. सम्राटाच्या महालाशी बरोबरी केलेली देवांना खपली नाही, असं लोक सांगतात. मग आकार आवरता घेऊन १९०६ साली आजची वास्तू पुरी झाली.

ओसरीतच मी थबकलो. दाराशी दगडात घडवलेले शीख पहारेकरी आहेत! फेटा, दाढी, सगळं जिथल्या तिथे. इंग्रजी अमलात इथले धनिक चिनी शीख दरवान ठेवत. चिनी कारागिरांनी त्यांना थेट देवाच्या दारात जागा दिली, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आत तीन दालनं आहेत. मधल्या दालनात कुळाचे संरक्षक देव, ओंग सून या आणि तुआ साय या. इसवी सन ३८३ मधली एक मोठी लढाई जिंकून देणारे हे वीर पुढे देवपदाला पोचले, आणि गाव सोडताना खू लोकांनी त्यांनाही बरोबर घेतलं. भिंतींवर छत्तीस दिव्य रक्षकांची चित्रं आहेत. वर तुळया आणि त्यांना तोलणारे लाकडी हात सोन्याच्या वर्खाने मढवलेले, एकही जागा कोरल्यावाचून सोडलेली नाही. मान दुखेपर्यंत मी वर बघत होतो. डावीकडचं दालन तुआ पेक कोंगचं, भरभराटीच्या देवाचं.

मला खरं सांगायचंय ते उजवीकडच्या दालनाबद्दल. एका नजरेत मावतं, पण मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच होतो. तिथे पूर्वजांच्या लाकडी स्मृतिफलकांची दाटी आहे. त्यांना इथे सिनचू म्हणतात. मूर्ती नाही, तसबीर नाही. फक्त नाव. असा फलक तयार करताना शेवटच्या अक्षरातला एक ठिपका मुद्दाम राखून ठेवतात. मग एखाद्या मानकऱ्याच्या हातून तांबड्या रंगाने तो ठिपका देववतात, आणि तेव्हा कुठे त्या लाकडात पूर्वजाचा वास होतो. आपल्याकडच्या प्राणप्रतिष्ठेची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. शिवाय अनेक चिनी कुळांत एक कविता ठरलेली असते. तिचं एकेक अक्षर क्रमाने एकेका पिढीच्या नावात येतं, त्यामुळे परका वाटणारा माणूस नात्याने काका की पुतण्या, ते नावावरून उलगडतं. तू तीन वर्षं वंशावळी जुळवत बसलास, तुला याची किंमत वेगळी सांगायला नको.

आणि भिंतींवर काय आहे माहीत आहे? सोनेरी अक्षरांच्या पाट्या. जुन्या पाट्यांवर सम्राटाच्या दरबारातले हुद्दे, नव्यांवर विद्यापीठांच्या पदव्या. कोणी डॉक्टर झालं, कोणी बॅरिस्टर, की नाव पूर्वजांच्या शेजारी लागलं. हे घर गेलेल्यांचं, तरी त्यात भर पडत राहते. म्हणून माझा आग्रह आहे, तुझ्या ग्रंथात प्रत्येक शाखेपुढे कोरी पानं ठेव. छपाईचा खर्च वाढेल, वाढू दे.

एक गोष्ट मात्र मला बोचली. जुन्या रिवाजाप्रमाणे लेकीचा फलक माहेरच्या पूर्वजघरात लागत नाही, तो सासरी. आणि सासरीही पुष्कळदा तिचं स्वतःचं नाव नसतं, नुसतं माहेरचं आडनाव. तुझी प्रुफं परत उघडून पाहिली. लेकींची नावं 'कन्या' म्हणून एका ओळीत संपलीत, आणि सुनांची सासरची तेवढी नावं आहेत. ज्या आजीने तुला सगळी शाखा तोंडपाठ सांगितली, तिचंही माहेरचं नाव त्यात नाही. सुहास, हे असं जाऊ देऊ नकोस. निदान सुनांचं माहेरचं पूर्ण नाव आणि गाव, आणि लेकींची पुढची एक पिढी एवढं तरी घाल. दापोली-गुहागरकडच्या घरांना पत्रं टाकायची असतील तर मजकूर मी लिहून देतो, दिवाळीत येईन तेव्हा सोबत फिरूही. तोवर पुस्तक छापायला देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार सांग, आणि त्यांचं माहेरचं नाव उलट टपाली कळव. मी प्रुफात आत्ताच भरून ठेवतो.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
अविनाश