जुना बॅकअप पुसण्याआधी उघडून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. बऱ्याच जुन्या मशिनवर विंडोज ११ चढत नाही, त्यामुळे सांगलीतल्या दुकानांत, पतसंस्थांत, शाळांच्या कार्यालयांत नवे कॉम्प्युटर आले. जुन्यातला डेटा एक्स्टर्नल हार्डडिस्कवर घेतला, डिस्क कपाटात ठेवली, सीपीयू एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. इथवर सगळे करतात. त्यापुढचे बहुतेक ठिकाणी राहून जाते, म्हणून हे पत्र.

मी गावभागात डीटीपीचे, म्हणजे छपाईची पाने कॉम्प्युटरवर जुळवण्याचे काम करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, मंडळांच्या स्मरणिका. मध्यंतरी एका वाचनालयाचे कार्यकर्ते अशीच एक डिस्क घेऊन आले. जुन्या स्मरणिकेतला एक लेख त्यांना नव्या अंकात घ्यायचा होता. डिस्कवर ‘जुना डेटा’ नावाचे फोल्डर, त्यात ‘ओल्ड डी’, त्याच्या पोटात आणखी एक ‘ओल्ड डी’. फाइल सापडली, पण ती पेजमेकर या पाने जुळवण्याच्या जुन्या प्रोग्रॅमची. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मधली. इनडिझाइन या नव्या प्रोग्रॅमच्या सीएस ६ आवृत्तीपर्यंत ती फाइल उघडायची, पुढच्या आवृत्त्यांत ती सोय राहिली नाही. माझ्याकडच्या जुन्या मशिनवर ती उघडली, तर पानभर रोमन अक्षरे, कंस आणि डॉलरची चिन्हे! मजकूर युनिकोडच्या (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसेल अशा अक्षरपद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये होता आणि तो फॉन्ट त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरबरोबरच गेला होता. फॉन्ट मिळवला, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला. तरी कुठे पहिली वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटलेली, कुठे ‘कार्य’वरचा रफार भलत्याच अक्षरावर. अखेर छापील अंक समोर ठेवून ओळ न् ओळ तपासली. तो अंक २०१९ च्या पुरात वाचला होता, म्हणून हे जमले.

जुना कॉम्प्युटर हातचा गेला की डिस्कवरचा बॅकअप दुसरी प्रत राहत नाही, तीच मूळ प्रत होते. ही गोष्ट कोणी ध्यानात घेत नाही याचे मला फार वाईट वाटते. संस्थेचा पन्नास वर्षांचा इतिहास एका डिस्कवर असतो आणि ती डिस्क टेबलावरून पडली की संपले.

जागा भरली म्हणून घाईने फॉरमॅट मारणारेही पाहते. तसे करू नये. विंडोजची ‘फाइल हिस्टरी’ (फाइलींच्या प्रती आपोआप घेणारी सोय) चालू असेल, तर डिस्कवर त्याच नावाचे फोल्डर असते, त्यात वापरणाऱ्याचे नाव आणि आत कॉम्प्युटरचे नाव. नव्या कॉम्प्युटरचे नाव वेगळे असले की त्याचे फोल्डर वेगळे तयार होते. जुने तसेच पडून राहते, आपोआप पुसले जात नाही. आत एकाच पत्राच्या अनेक प्रती दिसतात, प्रत्येकीच्या नावापुढे कंसात तारीख आणि वेळ. शेवटची तारीख पाहून ती प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढावी, नव्या कॉम्प्युटरवर उघडून बघावी आणि मगच बाकीच्या पुसाव्यात. संपूर्ण ड्राइव्हची इमेज, म्हणजे विंडोजसकट हुबेहूब नक्कल, घेतली असेल तर त्यातली जुनी विंडोज आणि प्रोग्रॅम आता कामाचे नाहीत, कामाच्या फक्त फाइली. मात्र फॉन्टचे फोल्डर विसरू नका.

काही गोष्टी मात्र खरोखरच पुसल्या पाहिजेत. आमच्यासारख्यांच्या ‘डाउनलोड्स’मध्ये गिऱ्हाइकांची आधार कार्डे, सातबारे, पासबुकांची पहिली पाने साठलेली असतात. प्रिंट काढून दिली की आपले काम झाले. ती कागदपत्रे वर्षानुवर्षे डिस्कवर ठेवण्याचा आपल्याला काही अधिकार नाही.

आणि सांगलीत राहून एकाच घरात दोन डिस्क ठेवण्याला अर्थ नाही. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी शिरले. एक डिस्क इथे असेल तर दुसरी पाणी न पोहोचणाऱ्या भागातल्या नातेवाइकांकडे द्यावी. माझी मिरजेला बहिणीकडे असते; दिवाळीला गेले की लावून बघते, नवे काम भरते, परत तिच्या कपाटात. कित्येक वर्षे न लावता ठेवलेल्या डिस्कवर भरवसा ठेवू नये.

संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना विनंती आहे की, अहवाल किंवा स्मरणिका छापायला देताना फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ आणि युनिकोडमधला मजकूर, दोन्ही मागून घ्या आणि कामाच्या पत्रात तसे लिहा. हे काम करणाऱ्याला त्याचा फार त्रास नाही. आमच्या व्यवसायातल्या ज्यांच्याकडे पेजमेकर, जुने मराठी फॉन्ट आणि त्यांचे लॉक (फॉन्ट चालण्यासाठी कॉम्प्युटरला जोडावे लागणारे छोटे उपकरण) चालणारे मशिन अजून शाबूत आहे, त्यांनी एवढ्यात ते भंगारात देऊ नये. जिल्ह्यातल्या वाचनालयांनी आणि मंडळांनी आपापल्या डिस्क घेऊन त्यांच्याकडे जावे. अशी मशिन आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत.

आपली,
एक डीटीपी व्यावसायिक, गावभाग, सांगली