कंटेनरचं तापमान आम्हालाही कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात समुद्रमार्गे होणाऱ्या फळनिर्यातीवर अर्ध्या पानाचा लेख वाचला. लेखकमहाशयांचं अभिनंदन. ‘शीतसाखळी अखंड असल्याने माल ताजातवाना पोहोचतो’ हे वाक्य त्यांनी बिनधास्त लिहून टाकलंय. बागेपासून ग्राहकापर्यंत माल सलग थंड ठेवणारी ही साखळी अखंड असते हे त्यांना कोणी सांगितलं? निर्यातदारांनीच सांगितलं असणार, कारण लेखात बोललेत ते सगळे निर्यातदार. ज्याचा माल त्या कंटेनरमध्ये जातो असा एकही बागायतदार त्यांना भेटला नाही. निफाड, दिंडोरीकडे येणारी एसटी बंद झाल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

मागच्या हंगामातलं सांगतो. थॉमसन द्राक्षांचा प्लॉट, रेसिड्यूचा म्हणजे फवारणीच्या औषधांच्या अंशाचा अहवाल पास, साखर व्यवस्थित उतरलेली. काढणी सकाळी लवकर धरून ऊन चढायच्या आत उरकली. पॅकहाउसच्या सुपरवायझरने घड हातात धरून ‘काका, असा माल रोज येऊ द्या’ असं चारचौघांत म्हटलं. कंटेनर भरला, सील लागलं, न्हावा शेवा बंदराला गेला. पुढे बरेच दिवस कोणाचा फोन नाही. मग निर्यातदाराची हिशेबाची पट्टी आली. त्यात क्लेम, म्हणजे खराब मालापोटी कपात. देठ सुकलेले, मण्यांवर पांढरे डाग, काही पेट्यांत कूज. ठरल्या रकमेतले जवळपास एक तृतीयांश पैसे वजा. पुरावा म्हणून व्हॉट्सअॅपवर चार फोटो, तेही पेटीचं लेबल दिसणार नाही अशा बाजूने काढलेले. त्यातली द्राक्षं माझी की शेजाऱ्याची, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

मी एवढंच म्हणालो, लॉगर दाखवा.

लॉगर म्हणजे पेट्यांबरोबर ठेवतात ते बारकं यंत्र. ठरावीक वेळाने ते तापमान टिपत राहतं आणि तिकडे पोहोचल्यावर संगणकाला लावलं की सगळ्या प्रवासाचा आलेख निघतो. रिफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरच्या मशिनमध्येही नोंद होत असते ती वेगळीच. म्हणजे आभाळातून काही आणायचं नव्हतं. पहिल्यांदा उत्तर आलं, ‘मागवतो.’ मग, ‘तो तिकडच्या ग्राहकाकडे असतो.’ मग, ‘साहेब बाहेरगावी आहेत.’ शेवटी ऑफिसातल्या एका मुलाने खरं काय ते सांगून टाकलं, ‘काका, ते लॉगर तिकडे फेकून देतात.’ डाग पडलेल्या मण्यांचे फोटो मात्र कोणी फेकत नाही, ते बरोबर नाशिकपर्यंत येतात.

हा आलेख कशाला हवा, तेही लिहितो, म्हणजे ‘शेतकऱ्यांना तांत्रिक ज्ञान नसते’ असं पुढच्या लेखात यायला नको. पेटीत घडांवर ग्रेप गार्डचा कागद घालतात. त्यातून गंधकाचा वायू बेताबेताने सुटतो आणि बुरशी धरत नाही. माल शून्य अंशाच्या आसपास राहिला तर हे गणित जमतं. वाटेत कुठे तापमान चढलं आणि पिशवीत पाणी सुटलं, की तोच वायू भसकन बाहेर पडतो आणि मणी पांढरे पडतात. घड ओले भरले, मण्यांना इजा झालेली असली तरीही डाग पडतात, हे मला मान्य आहे. माझी चूक की वाटेतली, हे त्या आलेखावरून पाच मिनिटांत कळलं असतं.

वाटेत तर काय काय होतं! मुळात रिफर कंटेनर गरम माल थंड करायला केलेलाच नाही, थंड करून भरलेला माल तो थंड ठेवतो. पण गाडी दारात लागलीय म्हणून प्री-कूलिंगमधून माल अर्धवट काढून भरणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. कंटेनरमध्ये गार हवा फरशीच्या खाचांतून वर येते आणि छताखालून परत मशिनकडे जाते. आतल्या लाल रेघेच्या वर पेट्या रचल्या की तिला फिरायला वाट उरत नाही. पुढे रस्त्यात कंटेनरला वीज पुरवणारा जेनसेट बंद पडतो. बंदराच्या गेटबाहेर रांग असते. मधल्या बंदरात जहाज बदललं तर तिथे प्लग कधी काढला आणि कधी लावला, कोण बघतंय? यातलं एकही काम माझ्या हातात नाही. क्लेम मात्र माझ्या पट्टीत.

लेखात तांबड्या समुद्राचा उल्लेख आहे, दीड ओळीत. २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. युरोपातल्या रॉटरडॅम बंदराचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. सिमेंटच्या गोणीला दहा दिवसांनी काही होत नाही. द्राक्षाचा देठ रोज सुकत असतो. त्याआधी २०२१ च्या मार्चमध्ये, आमच्या ऐन हंगामात, एव्हर गिव्हन सुएझमध्ये आडवं झालं, तेव्हा टीव्हीवर सगळे त्या जहाजाची लांबी मोजत होते. अडकलेल्या फळांची चौकशी करायला कोणाला सवड होती?

आता खरं दुखणं. २०१० साली लिहोसिन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून आमचे कंटेनर युरोपात अडकले आणि तालुक्यातली घरंच्या घरं कर्जात गेली. तेव्हापासून तपासण्या किती कडक झाल्या, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, काढणीआधी नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, सगळं केंद्राच्या अपेडा या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणीवर. तिकडे पेटी उघडली की कोणत्या गावच्या कोणत्या प्लॉटमधला माल, इथपर्यंत माग काढता येतो. उत्तम व्यवस्था आहे, माझी काही तक्रार नाही. पण हा माग एकाच दिशेने जातो. मी जानेवारीत काय फवारलं, ते रॉटरडॅमला कळतं. माझी पेटी अरबी समुद्रात किती अंशावर होती, ते मला कळत नाही, निर्यातदाराला कळतं आणि तो सांगत नाही.

आणखी एक. असं नुकसान झालं तर जहाज कंपनीकडे दावा करता येतो, विमाही असतो. माझ्या पट्टीतून कापलेली रक्कम निर्यातदाराने तिकडूनही वसूल केली का? पट्टीत तो रकाना नाही. हमाली, पॅकिंग, पुठ्ठा, पॅलेट, भाडं, कमिशन, सगळ्याला रकाने आहेत.

माल एकरकमी बांधावरच विकून द्या आणि मोकळे व्हा, असं कोणी सांगेल. काही जण देतातही. मग व्यापारी चेक देऊन गायब झाल्याच्या बातम्या तुमच्याच अंकात दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये वाचायच्या. इकडे आड, तिकडे विहीर.

माझी मागणी साधी आहे. क्लेम लावायचा असेल तर पट्टीला तापमानाचा आलेख जोडायचा. आलेख नसेल तर क्लेम नाही. अपेडाने किंवा पणन मंडळाने एवढा नियम करावा, ग्रेपनेटवर एक खिडकी वाढवावी. लॉगर पंचवीस वर्षांपूर्वीही होते, हे काही नवं तंत्रज्ञान नाही. हे छापाल तर अख्खं छापा. मागे विजेबद्दल लिहिलं तेव्हा माझा आभाराचा परिच्छेद ठेवला आणि तक्रारीचा गाळलात.

नाव छापू नये ही विनंती. येत्या जानेवारीत याच निर्यातदाराच्या पॅकहाउसला ट्रॅक्टर लावायचा आहे.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

ता. क. लेखाबरोबर ‘युरोपला निघालेली द्राक्षे’ म्हणून जो कंटेनर छापलाय तो साधा ड्राय कंटेनर आहे. रिफरला एका टोकाला मशीन असतं, ते फोटोत दिसत नाही. त्या कंटेनरमध्ये द्राक्षं भरली असतील तर भिवंडी यायच्या आत त्यांचे बेदाणे झाले असतील, आणि त्याचाही क्लेम कुठल्या तरी शेतकऱ्याच्या पट्टीत लागला असेल.