टॉर्च धरणाऱ्या पोराकडून मिस्त्रींना

मिस्त्री,

सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी दुपारी मी जुन्या व्हिडिओ गेमच्या एका बोर्डाची बॅटरी एकट्याने बदलली. टॉर्च धरायला कुणी नव्हतं म्हणून टेबल-लॅम्प पुस्तकांच्या चळतीवर ठेवला. नवी बॅटरी जोडली, जुनी काढली, बोर्ड मशीनला लावला आणि पडद्यावर गेमचा पहिला देखावा, फुजीचा डोंगर, आला. पहिला फोन तुम्हालाच केला. तुम्ही "बरं झालं" म्हणालात आणि बदलापुरात पाऊस कसा धरलाय ते सांगायला लागलात. आभाराचा शब्द काढला की तुम्ही नेहमी असेच पावसावर जाता. म्हणून लिहून काढतोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं. करी रोडच्या आपल्या गल्लीतली त्या वेळची पोरं आता पंचेचाळिशीच्या आसपास आहेत. त्यांना व्हिडिओ गेमचं पार्लर आठवतं, शेठ आठवतो, मुस्तफा तर आठवतोच. मशीनच्या मागे उकिडवा बसून दुरुस्ती करणारा माणूस किती जणांना आठवत असेल, शंकाच आहे.

मी तेव्हा सातवीत होतो. पार्लरमध्ये सगळी गर्दी मुस्तफावर. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, कॅपकॉमचा, १९९३ चा. त्यातल्या चौघांपैकी एकाचं नाव मुस्तफा, आणि पोरांनी अख्ख्या गेमला तेच नाव देऊन टाकलं होतं. तीन जण खेळणार, बारा जण मागे उभे. माझ्याकडे आठवड्याला दोन रुपये असायचे, म्हणजे दोन कॉइन. ते पाच मिनिटांत संपायचे आणि मग शेठ बाहेर काढायचा, कारण न खेळणारी पोरं जागा अडवतात. त्या दिवशीही त्याने दंडाला धरून काढलंच होतं. तेवढ्यात तुम्ही मशीनच्या मागून आवाज दिलात, "राहू दे त्याला, टॉर्च धरायला कुणीतरी पाहिजे." त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं त्या पार्लरमध्ये फुकट उभा राहिलो.

टॉर्च मी नीट धरायचो, हे तुम्हीही मान्य कराल.

कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी एक मशीन होतं. त्यात जुने बोर्ड आलटून पालटून लागायचे. कमाई नव्हती, शेठ ते भंगारात काढायच्या गोष्टी करायचा. दुपारी पार्लर रिकामं असताना तुम्ही त्या मशीनचं दार उघडून आतूनच फुकट क्रेडिट, म्हणजे बिनकॉइनचा डाव, द्यायचात आणि मला उभं करायचात. पहिल्या दिवशी बँकेचा गेम होता. मी अर्ध्या मिनिटात मेलो आणि म्हणालो, बेकार गेम आहे. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "गेम बेकार आहे की तुला कळला नाही, ते आधी ठरव. तीन वेळा खेळ, मग बोल."

त्या गेमचं नाव मला कितीतरी वर्षांनी कळलं. बँक पॅनिक. १९८४ चा, सान्रित्सुने बनवलेला आणि सेगाने बाजारात आणलेला. तुम्हीही त्याला 'बँकवाला' एवढंच म्हणायचात. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तुम्ही बँकेच्या मधोमध उभे आहात आणि भोवती गोलात बारा दारं आहेत. पडद्यावर एका वेळी तीनच दिसतात. स्टिकने डावीउजवीकडे सरकायचं, आणि तीन बटणं म्हणजे समोरची तीन दारं. दार उघडतं. आत गिऱ्हाईक असेल तर पैशाची थैली ठेवून जातं, दरोडेखोर असेल तर पिस्तूल काढतो. गिऱ्हाइकाला गोळी घातली तरी आपला चान्स गेला, दरोडेखोराला नाही घातली तरी गेला. कधी डोक्यावर टोप्यांची चळत घेतलेला एक पोरगा येतो, त्याच्या टोप्या एकेक करून उडवायच्या. बाराही दारांत निदान एकेक थैली पडली की स्टेज पूर्ण. आणि मधेच कुठल्या तरी दारावर बॉम्ब लागतो. ९९ पासून आकडे भराभर उतरायला लागतात, आणि ते दार नेमकं पाठीमागे असतं.

मी समोरच्या तीन दारांवर डोळे लावून बसायचो. तुम्ही मागून बोट दाखवलंत, "दारं बघू नकोस, वरची पट्टी बघ." वर बाराही दारांचे आकडे ओळीने असतात, कुठे थैली पडली आणि कुठे बाकी आहे ते तिथे दिसतं. त्या दिवसापासून गेम वेगळाच झाला. दारं नुसत्या डोळ्यांच्या कोपऱ्याने बघायची, हात आपोआप बटणावर जायला लागला, आणि डोकं वरच्या पट्टीवर मोकळं राहिलं. चौथ्या दारात काही पडलं नाही, नवव्यात पडलं नाही, कुठल्या बाजूने गेलं तर जवळ पडेल. नेम महत्त्वाचा असतोच, पण तो गेम हिशोबाचा होता. मुस्तफावर बटणं बडवणाऱ्या पोरांना आपल्या पाठीमागे काय चाललंय याचा पत्ता नव्हता, आणि सबंध पार्लरमध्ये तो गेम येणारे आपण दोघंच होतो. मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

फुग्यांचा गेम मात्र तुमचा लाडका. पँग, मिचेल कंपनीचा, १९८९ चा. जपानात तो पॉम्पिंग वर्ल्ड आणि अमेरिकेत बस्टर ब्रदर्स. मोठा फुगा टप्पे खात येतो, आपण खालून सरळ वर भाला मारायचा, त्याच्या मागे तार असते आणि ती तार कुठेही लागली तरी फुगा फुटतो. एकाचे दोन होतात, त्या दोनांचे चार, चारांचे आठ, आणि आठही बारीक फुगे फुटले की संपले. म्हणजे एका मोठ्या फुग्याला पंधरा भाले. हा हिशोब तुम्ही मला बोर्डाच्या खोक्यावर पेन्सिलीने मांडून दाखवला होता. पोरं काय करायची, दोन मोठे फुगे दिसले की दोन्ही फोडायची आणि सोळा बारीक फुग्यांच्या मध्ये सापडायची. तुमचा नियम: "एकाला हात घातला की त्याची पिलावळ संपवायची, मग दुसऱ्याकडे वळायचं. तोवर दुसरा मोठाच राहू दे. मोठा फुगा उंच उडतो, त्याच्याखालून चालत जाता येतं." फुग्याची उडी त्याच्या आकारावर ठरते, कितीही उंचावरून पडला तरी तेवढीच. हे एकदा डोळ्यांना पटलं की पुढचं पाऊल दोन सेकंद आधी कळतं. तो गेम जगभर फिरवतो आणि एका ठिकाणी मागे ताजमहाल येतो. तो आला की तुम्ही हातातलं काम ठेवून बघायला यायचात.

आता बॅटरीचं, कारण पत्र खरं तर त्यासाठी आहे.

पँगच्या बोर्डावर काबुकी नावाचा प्रोसेसर असतो. गेमचा प्रोग्राम चिपमध्ये कुलूपबंद करून ठेवलेला, आणि त्याची किल्ली काबुकीच्या पोटात. ती किल्ली एका बॅटरीवर जिवंत राहते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड कायमचा मुका होतो. बाहेरून सगळं जसंच्या तसं दिसतं, एकही चिप जळलेली नसते, पण पडद्यावर गेम येत नाही. तुमचा एक बोर्ड असाच गेला होता. तुम्ही सोल्डरचे डाग तपासले, पाच व्होल्ट तपासले, चिपा काढून घातल्या, आठ दिवस त्याच्यामागे होतात. कारण कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर दुसऱ्या बोर्डाच्या वेळी तुम्ही जे केलंत ते मी टॉर्च धरून पाहिलं.

आधी बोर्डाची सोनेरी दातरी, म्हणजे मशीनला जोडायची कड, पांढऱ्या खोडरबराने घासलीत, दोन्ही अंगांनी, अठ्ठावीस आणि अठ्ठावीस छप्पन्न पट्ट्या, आणि रबराचा काळा चुरा फुंकून टाकलात. मग बोर्ड पालथा केलात. नव्या बॅटरीला दोन तारा आधीच लावून ठेवल्या होत्या. मीटर लावून प्लस कुठलं, मायनस कुठलं ते दोनदा बघितलंत आणि मलाही बघायला लावलंत. सोल्डरिंग आयर्न तापलं की प्लगमधून काढलंत. करंट उतरला तर किल्ली जाईल, म्हणालात, उरलेल्या उष्णतेवरच डाग द्यायचा. प्लसला प्लस, मायनसला मायनस, जुनी बॅटरी जागेवर असतानाच. डाग चमकला की हात मागे. आता दोन बॅटऱ्या एकाच वेळी बोर्डाला पाजत होत्या. मगच जुनीचे पाय कापलेत. सबंध वेळ तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत, आणि शेवटी मला म्हणालात, "एक क्षण सुद्धा उपाशी ठेवायचा नाही, लक्षात ठेव."

ठेवलं, मिस्त्री.

पार्लर बंद झालं, तिथे आधी एसटीडी बूथ आणि मग मोबाइलचं दुकान आलं. १९९७ च्या फेब्रुवारीत निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने मेम नावाचा प्रोग्राम बाहेर काढला, जुन्या मशीनचे बोर्ड कॉम्प्युटरवर जसेच्या तसे चालवणारा. कॉलेजात असताना एका मित्राच्या घरी त्यात यादी चाळता चाळता मला बारा दारं दिसली. नाव तेव्हा कळलं. पण कीबोर्डावर तीन बोटांनी ते खेळताना एक गोष्ट सारखी टोचत राहिली, की हे बोर्ड खरोखरचे कुठेतरी पडलेत आणि एकेकाची बॅटरी संपत चालली आहे.

दोन वर्षांपूर्वी चोर बाजारात एका भंगारवाल्याकडे तांब्याच्या तारांच्या ढिगाखाली पँगचा बोर्ड मिळाला. घरी आणून लावला, चालला. मीटर लावला तर बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. माझी हिंमत झाली नाही. जुन्या ओळखीतून तुमचा नंबर मिळवायला चार दिवस लागले. मला वाटलं होतं तुम्हाला आठवणार नाही. तुम्ही फक्त विचारलंत, "टॉर्च आहे का घरी?"

भर पावसात तुम्ही बदलापूरहून लोकलने आलात, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, खांद्याला तीच रेक्झिनची पिशवी. तेच आयर्न, नवीन मीटर, कागदात गुंडाळलेला खोडरबर. हात थोडा थरथरत होता. म्हणून डाग द्यायच्या वेळी तुम्ही मनगट टेबलाच्या कडेला टेकवलंत आणि श्वास सोडून मग टोक लावलंत. मी टॉर्च धरला. फुगे आले. आईने केलेले पोहे खाल्लेत, पैशाचं नाव काढू दिलं नाहीत, लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या बॅटरीचे तेवढे घेतलेत, तेही बिल दाखवून. आणि जाताना म्हणालात, "पुढचा तू कर."

पुढचा आता केला. ठाण्याहून एकाने त्याच्याकडचा पँग आणून दिला होता. काल तो घेऊन गेला.

तुम्ही पाहिले नसतील असे दोन गेम मला तुम्हाला दाखवायचे आहेत. एक क्रेझी क्लायंबर, निचिबुत्सुचा, १९८० चा. बटण एकही नाही, दोन स्टिक. डावी म्हणजे डावा हात, उजवी म्हणजे उजवा. एक वर, एक खाली, पुन्हा उलट, अशी इमारत चढायची, आणि खिडक्या आपल्या बोटांवर मिटत असतात. वरून कुंड्या पडतात तेव्हा दोन्ही हात घट्ट धरून ठेवायचे. हाताने काम करणाऱ्या माणसाला तो पहिल्या फटक्यात येईल असं मला वाटतं, कारण हात कुठे आहेत हे त्यात बघायचं नसतं, जाणवायचं असतं.

दुसरा मनी पझल एक्सचेंजर, फेस कंपनीचा, १९९७ चा, निओ जिओ नावाच्या मशीनवरचा. तुम्हाला तो फार आवडेल. वरून नाणी खाली येत असतात, ती ओढून घेऊन परत वर फेकायची. एकची पाच नाणी जुळली की त्यांचा एक पाच होतो, दोन पाचांचा दहा, पाच दहांचे पन्नास, दोन पन्नासांचे शंभर, पाच शंभरांचे पाचशे, आणि दोन पाचशे भिडले की नाहीसे. एकदा पाच, एकदा दोन, पुन्हा पाच, पुन्हा दोन. ही लय हातात बसायला मला आठवडा लागला. बेस्टच्या कंडक्टरला सुट्टे मोजताना बघितलंय त्याला दोन दिवस लागतील. तो इथे कुठल्या पार्लरमध्ये मी कधीच पाहिला नाही. मला तो मेममध्ये सापडला आणि तीन वेळा खेळल्याशिवाय मत द्यायचं नाही म्हणून मी थांबलो. तुमच्यामुळे थांबलो.

माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे. परवा ती बँकवाल्यावर पहिल्यांदा मेली आणि माझ्याकडे वळून काहीतरी म्हणणार होती. मी पट्टीकडे बोट दाखवलं.

दिवाळीनंतर पाऊस नसेल तेव्हा या. दादरला उतरलात की फोन करा, मी घ्यायला येतो. तुमचा खोडरबर माझ्याकडेच राहिलाय, रविवारी तोच वापरला.

तुमचा,
टॉर्च धरणारा